आजोबांचं काडतुसं भरायचं जुनं यंत्र दुरुस्त करून वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत टेबलाच्या कडेला आवळायचं, दांडा फिरवायचं एक पितळी-लोखंडी यंत्र निघालं. सोबत कागदी नळकांडी, एक मापाचा चमचा आणि एक न उघडलेली डबी. मी लेथवर जन्म काढलेला माणूस. अशी दोन यंत्रं इथेच ग्वाल्हेरात दुरुस्त केलीत, दोन्ही वेळा परवाना असलेल्या बंदूकवाल्याच्या दुकानात बसून.

आधी ती डबी. तिला हात लावू नका, हलवून आवाज ऐकायचा मोह तर मुळीच नको. आत टोप्या असतील, म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसवतात त्या टिकल्या. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असे आणि ते नुसत्या धक्क्यानंही उडतं. पोलीस ठाण्यात कळवा, ते घेऊन जातील.

आता यंत्र. वर्णनावरून ते टर्नओव्हर आहे, कडा वळवायचं. गंमत म्हणजे ते काडतूस भरत नाही. टोपी, दारू, नमद्याची चकती, छर्रे, वर पुठ्ठ्याची टिकली, हे सगळं हाताने व्हायचं. मग नळकांडं यात धरून दांडा फिरवायचा. डोक्यातल्या गोल साच्यात बारीक खुंट्या असतात. त्या फिरताना कागदाची कड घासून आत दुमडतात आणि टिकली जागेवर बसते. शेफील्डच्या जेम्स डिक्सन किंवा हॉक्सलीचा शिक्का दिसतो का बघा. तो गंजाखाली अगदी उथळ असतो, म्हणून पॉलिशपेपर लांब ठेवा. (यंत्राचा सांगाडा इंग्रजी ओ अक्षरासारखा आणि वर 7/8 इंची, 14 आट्यांचं भोक असेल तर मात्र तो अमेरिकन रायफल प्रेस, म्हणजे रायफलीची काडतुसं भरायचं यंत्र. त्यात आजच्या डाय, म्हणजे साचेसुद्धा बसतात. पण तुमचं ते दिसत नाही.)

दुकानात बसून काम का, ते सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे तुमच्या माळ्यावरचं हे लोखंड कागदोपत्री दारूगोळा ठरू शकतं. शंभर वर्षांच्या हातयंत्राला ते लागू होतं की नाही, हे मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, आजोबांचा जुना परवाना सापडला तर त्याची प्रत लावा, आणि पोच घ्या. घरात बंदुकीचा परवाना असला तरी तो बाळगायचा असतो, काडतुसं बनवायचा नाही. तोवर यंत्र कुणाला विकू नका, पार्सलनं पाठवू नका.

कागद झाले की काम सोपं आहे. आच लावून सांधे सोडवायची लेथवाल्यांची सवय इथे चालत नाही, कारण फटीत जुनी दारू अडकलेली असू शकते. मी चार दिवस घासलेटात बुडवून ठेवतो, मग पितळी ब्रशनं घासतो. शिशाची भुकटी असतेच. हातमोजे घाला, कोरडं घासू नका, आणि जवळ चहाचा कप नको.

पितळी भागांना अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं आपल्याकडच्या पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत उरलेला ताण, तिघांनी मिळून ते केलं होतं. इंग्रजीत या तडकण्याला नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं, सीझन म्हणजे आपला पावसाळा. खुलासा व्हायला 1921 उजाडलं. चिंच-मीठही नको, जुनी झाक निघून जाते आणि यंत्र देवघरातल्या तांब्यासारखं दिसायला लागतं.

स्क्रूची गोष्ट माझ्या पैशांनी शिकलेली. टेबलाला आवळायचा स्क्रू गहाळ होता. लोहिया बाजारातून आठ मिलिमीटरचा बोल्ट आणला, दोन आटे छान गेला, पुढे अडला. मला वाटलं गंज असेल, म्हणून पाना लावून दाबला. कर्र असा आवाज आला आणि भोकातले आटे भुग्यासारखे बाहेर. ते भोक 5/16 इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या आट्यांचं होतं. जाडी 7.94 मिलिमीटर, म्हणजे हाताला आठच वाटते. पण इंचाला 18 आटे आणि कोन 55 अंशांचा, तर आपला मेट्रिक बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर), 60 अंशांचा. शेवटी भोक मोठं करून पितळेचं बुश बसवलं आणि त्यात लेथवर व्हिटवर्थ आटे काढले. पंधरा रुपयांच्या बोल्टपायी दोन दिवस गेले. तुम्ही आट्यांचा गेज लावल्याशिवाय काही पिळू नका.

मुठीच्या लाकडाला जवसाचं तेल पातळ चोळा, लोखंडाला मेण.

तो चमचा मात्र शोपीस म्हणूनच ठेवा. त्यावरचे ड्रॅमचे आकडे काळ्या दारूसाठी आहेत. एक ड्रॅम म्हणजे साधारण 1.77 ग्रॅम. तेच माप नंतर आलेल्या दाट, धूर न होणाऱ्या दारूला लावून लोकांनी चांगल्या बंदुकींच्या नळ्या फोडल्यात.

राहिलं चालवून बघणं. मी ड्रॉइंगपेपरला गोंद लावून लाकडी दांड्यावर गुंडाळतो आणि 12 बोअरच्या बाहेरच्या मापाचं नळकांडं करतो. आत लाकडाचा ठोकळा, वर पुठ्ठ्याची टिकली. टोपी नाही, दारू नाही, छर्रे नाहीत. साच्याला मेणाचं बोट लावून हळू फिरवायचं. आधी कागद नुसता कुरकुरतो, मग साचा जरा कोमट होतो आणि कड एकदम आत लोळते. पहिली तीन-चार फाटतील. फाटली नाहीत तर समजा तुम्ही दांडा फारच भीत भीत फिरवताय.