ताजी रोजमेरी मिळत नसेल तर स्पार्कलिंग वाइनच्या कॉकटेलसाठी कशाचा पाक करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत, घरी पंचवीसेक माणसं येणार आहेत. त्यांच्या स्वागताला स्पार्कलिंग वाइन आणि रोजमेरीच्या सिरपचं कॉकटेल करायचं ठरवलंय, पण साताऱ्यात ताजी रोजमेरी मिळत नाही. त्याऐवजी काय वापरावं, सिरप आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का, आणि वाइन कुठली व किती आणावी?

रोजमेरीचा नाद सोडा आणि भाजीवाल्याकडून गवती चहाच्या दोन ताज्या जुड्या आणा. काहीतरी भागवायचं म्हणून हे सुचवत नाहीये. इटलीच्या उत्तरेला दक्षिण टिरोल म्हणून डोंगराळ, जर्मनभाषक प्रांत आहे. तिथल्या नाटुर्न्स गावात रोलांड ग्रुबर या बारमननं २००५ साली ‘हूगो’ नावाचं कॉकटेल तयार केलं. प्रोसेको (इटलीची स्पार्कलिंग वाइन), सोडा, पुदिना आणि सिरप. आज युरोपभर हूगो एल्डरफ्लॉवरच्या (तिकडच्या एका झुडपाच्या सुवासिक फुलांच्या) सिरपनं करतात, पण ग्रुबरनं सुरुवातीला वापरलं ते लेमन बामचं सिरप. लेमन बाम ही पुदिन्याच्या कुळातली, लिंबासारखा वास येणारी वनस्पती. तिच्या वासात सिट्राल नावाचं द्रव्य असतं, आणि तेच सिट्राल आपल्या गवती चहाच्या तेलातला सगळ्यात मोठा घटक आहे. म्हणजे मूळ हूगोच्या वासाशी जवळचं नातं सांगणारी पात आपल्याकडे परसात उगवते आणि आपण ती फक्त चहाला आणि सर्दीपडशाला काढतो.

रोजमेरीत कापूर आणि निलगिरीच्या जातीची द्रव्यं असतात. जिनसोबत ती छान लागते, पण नाशिकच्या हलक्या, फळांच्या चवीच्या वाइनवर ती पटकन कुरघोडी करते. मी नाशिकला राहते, घरच्या आणि मित्रमंडळींच्या समारंभांत ही पेयं करायची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्याकडे असते. गवती चहाच्या पाकाइतकं इथल्या वाइनला जुळणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

आता पाक. पंचवीस जणांना दोन-दोन ग्लास धरले तर ५० ग्लास होतात. ग्लासला १५ मिली, म्हणजे एक टेबलस्पून पाक लागतो, म्हणजे एकूण ७५० मिली. अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी घेतलंत की ८०० मिलीच्या आसपास पाक होतो, तेवढा पुरतो.

जुड्या नीट धुऊन घ्या, पिवळी पडलेली पाती काढून टाका. पात कात्रीनं इंच-इंच कापा. कडा धारदार असतात, हातानं ओरबाडायला गेलात तर बोट कापतं. बुंध्याकडचा पांढरट भाग असेल तर तो टाकू नका, बत्त्यानं नुसता ठेचून घ्या, स्वाद त्यात भरपूर असतो. साधारण ५० ग्रॅम पात ६०० मिली पाण्यात घाला, झाकण ठेवा आणि उकळी आली की मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवून गॅस बंद करा. झाकण काढू नका. वास वाफेबरोबरच जातो, म्हणून चहा करताना उघड्या पातेल्यात खळखळ उकळतो तसं इथे करायचं नाही. पंधरा मिनिटं तशीच मुरू द्या. मग गाळा, पाणी मोजा, अर्धा लिटरपेक्षा कमी भरलं तर साधं पाणी घालून बरोबर करा. त्यात साखर घालून पुन्हा मंद गॅसवर ठेवा आणि ढवळत राहा. साखर विरघळली की लगेच उतरवा. गुलाबजामाला करतो तसा एकतारी पाक इथे उपयोगाचा नाही. दाट पाक ग्लासच्या तळाशी बसून राहतो, मग पहिला घोट पाण्यासारखा आणि शेवटचा काकवीसारखा लागतो.

गार झाला की हा पाक मलमलच्या फडक्यातून पुन्हा एकदा गाळा. हे दुसरं गाळणं टाळू नका. वाइनमधला वायू खडबडीत कणाला धरून बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. पाकात पातीचा चुरा किंवा न विरघळलेला साखरेचा कण राहिला, तर ओतताक्षणी फेस ग्लासच्या बाहेर जातो आणि टेबलावर पोचेपर्यंत वाइन मंदावते. लिंबाच्या रसातल्या गराचंही तसंच, तोही बारीक गाळणीतून काढा. तयार पाक फिकट पोपटी-पिवळा दिसतो आणि बाटलीचं झाकण उघडताच लिंबाच्या सालीसारखा वास येतो. तो तसा आला नाही तर पात शिळी होती असं समजा. दुकानात पेंढी हातात घेऊन एक पात चुरगाळून पाहा, वास तिथेच कळतो.

आदल्या दिवशी करायला काहीच हरकत नाही, उलट तसाच करा. ऐनवेळी केलेला पाक कोमट राहतो, आणि कोमट पाकावर वाइन ओतली की तिच्यातला वायू निघून जातो. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण वाळवून त्यात भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकतो.

आले, वेलची, केशर यातलं काहीही त्यात घालू नका. मोह होतो, मला कळतं. पण नाकाला एका वेळी एकच वास स्पष्ट ओळखता आला पाहिजे, नाहीतर पेयाला नुसता मसाल्याच्या डब्याचा वास येतो.

गवती चहाही मिळाला नाही तर पुढचा नंबर बेसिलचा. सब्जाचं रोप म्हणजे बेसिलचीच जात. फुलबाजारात हारासाठी सब्जाच्या आणि मरव्याच्या काड्या मिळतात, पण त्या खाण्यासाठी पिकवलेल्या नसतात, त्यांच्यावर काय फवारलंय ते विक्रेत्यालाही माहीत नसतं. कुंडीतला असेल तरच वापरा. बेसिलची पानं मऊ असतात, उकळली की काळपट पडतात आणि शिजलेल्या भाजीचा वास येतो. म्हणून पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळून घ्या, गार झालेल्या साध्या पाकात मिक्सरला फिरवा आणि गाळा. त्या क्षणभराच्या उष्णतेनं पान काळं पाडणारं एन्झाइम निकामी होतं आणि पाक हिरवागार राहतो. हा मात्र दोन दिवसांत संपवावा. पुदिन्याचा पाक मी करत नाही. गरम केला की पुदिन्याचा ताजेपणा जातो, तो वरून पानाच्याच रूपात चांगला. आणि घरची तुळस यात नको. तिला लवंगेसारखा तिखट वास असतो, शिवाय आईबाबांच्या वयाच्या कितीतरी पाहुण्यांना वृंदावनातली तुळस वाइनमध्ये पाहून मनापासून वाईट वाटेल. तेवढं एक कारण पुरेसं आहे.

सुकी रोजमेरी घरात असेल आणि वापरायचीच असेल, तर पाव लिटर गरम पाकात एक सपाट चमचा टाकून झाकून ठेवा आणि पंधरा मिनिटांत गाळून टाका. त्याहून जास्त वेळ ठेवली की कडवट होते.

वाइन घेताना लेबलवर ‘ब्रुट’ हा शब्द शोधा. ब्रुटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ आणि ‘देमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. एक्स्ट्रा ड्राय ऐकायला कोरडी वाटते, पण ब्रुटहून गोड असते, आणि दुकानातले विक्रेते यात हमखास गोंधळतात. तुमच्या एका चमचा पाकात नऊएक ग्रॅम साखर आहे, गोडवा तिथून येणारच आहे. वाइन आंबटसर आणि कोरडीच हवी. फ्रान्सची शॅम्पेन यासाठी आणू नका. शॅम्पेनमध्ये यीस्टवर मुरल्यामुळे जो पावासारखा, बदामासारखा स्वाद येतो तो पाकाखाली दबून जातो आणि पैसे वाया जातात. ती नुसती प्यावी.

महाराष्ट्रात पर्याय चांगले आहेत. बुडबुड्यांची वाइन आपल्याकडे नवीन नाही. नारायणगावच्या शॅटो इंडाज या वाइन कंपनीनं १९८० च्या दशकातच ती बनवून ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशात पाठवली होती. आज सुलाची ब्रुट आणि दिंडोरीला बनणारी शाँडॉनची ब्रुट या दोन्ही मोठ्या शहरांत सहज मिळतात, साताऱ्यात दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा. दोन्हींच्या मिश्रणात शेनिन ब्लांक द्राक्ष असतं. ते उन्हातही आपला आंबटपणा टिकवून धरतं, म्हणून पाकाला तोलून धरायला उत्तम. ७५० मिलीच्या बाटलीत १२० मिलीचे सहा ग्लास होतात. ५० ग्लासांना नऊ बाटल्या आणा.

बाटल्या आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. नऊ बाटल्या मावल्या नाहीत तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून त्यात गळ्यापर्यंत बुडवा, अर्ध्या तासात गार होतात. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरणं धोक्याचं, बाटली फुटू शकते. वाइन ६ ते ८ अंशांवर असली पाहिजे. ती जितकी थंड तितका वायू तिच्यात टिकून राहतो.

बाटली उघडण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं, कारण पारंपरिक पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या वाइनच्या बाटलीत वातावरणाच्या पाच-सहा पट दाब असतो. गाडीच्या टायरपेक्षाही जास्त. बुचावरची तारेची जाळी सोडल्यापासून बूच निघेपर्यंत अंगठा बुचावरून हलवू नका. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे, दिव्याकडे किंवा टीव्हीकडे नको. बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटली बुडाकडून फिरवा. बूच वर यायला लागलं की त्याला उलट दाबून धरायचं, म्हणजे ते हळूच ‘फुस्स’ करून निघतं. धडाक्यानं उडवलेल्या बुचाबरोबर अर्धा पेला वाइन जमिनीवर जाते आणि डोळ्याला लागलं तर समारंभ दवाखान्यात होतो.

ग्लास भरणं सोपं ठेवा. दुपारीच एका जगमध्ये पाक आणि गाळलेला ताजा लिंबाचा रस ३:२ या प्रमाणात मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. ७५० मिली पाकाला ५०० मिली रस, त्यासाठी पंचवीस-तीस रसाळ कागदी लिंबं लागतील. रस आदल्या दिवशी काढू नका, कडवट होतो. ग्लासमध्ये आधी हे मिश्रण २५ मिली, मग ग्लास तिरका धरून त्याच्या कडेनं वाइन ओता. पाक जड असल्यानं तो खाली असला की वरून येणारी वाइनच त्याला उचलते, लांब चमचा एकदा तळातून वर आणला की झालं. शेकरमध्ये स्पार्कलिंग वाइन कधीही घालू नका. समारंभ उन्हाळ्यात असेल तर हूगोच्या पद्धतीनं मोठ्या वाइन ग्लासमध्ये बर्फाचे मोठे तुकडे आणि ३० मिली थंड सोडा घाला. वेळ संध्याकाळची असेल तर बर्फाशिवाय, उंच अरुंद ग्लासमध्ये मला जास्त आवडतं.

पंचवीस जणांना देण्याआधी एक ग्लास करून चाखा. लिंबू लिंबागणिक बदलतं. आंबट वाटलं तर मिश्रणात पाक वाढवा, वाइन कमी करू नका.

साठी-सत्तरीतल्या पाहुण्यांपैकी बरेचजण पिणार नाहीत, मुलं असतील, कुणाला गाडी चालवायची असेल. त्यांना याच मिश्रणाचा ३० मिली आणि थंड सोडा द्या, तसल्याच काचेच्या ग्लासात, त्याच वेळी, म्हणजे आईबाबांसाठी ग्लास उंचावताना कुणाच्या हातात प्लॅस्टिकचा पेला राहणार नाही. ग्लास एकमेकांत मिसळू नयेत म्हणून वाइनच्या ग्लासमध्ये गवती चहाची पात गाठ मारून सोडा आणि बिनवाइनच्या ग्लासमध्ये पुदिन्याचा तुरा ठेवा. पुदिना टाकण्याआधी तळहातावर एकदा थापटा, वास मोकळा होतो. वाढणाऱ्या प्रत्येकाला ही खूण आधी सांगून ठेवा, मुलांच्या बाबतीत विशेषतः.

बिनवाइनचे ग्लास वर धरलेल्या ५० ग्लासांशिवाय लागणार असतील तर पाक दीडपट करा. उरला तरी लिंबू सरबताला संपतो.