पहिल्या स्टॉलला माल किती न्यायचा?

"मॅडम, पहिल्यांदाच प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. माल किती नेऊ?" घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचं समुपदेशन हे माझं काम आहे. दिवाळी संपली की हा प्रश्न हमखास येतो, कारण डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रदर्शनांचा हंगाम. विचारणारीला एक आकडा हवा असतो: शंभर नग, दोनशे नग, असं काहीतरी. तो आकडा मी लगेच सांगत नाही, आणि त्याचा काहींना रागही येतो. पण या एका प्रश्नात हिशेब आणि भीती दोन्ही गुंतलेले असतात. भीती आधी बोलून घेतली नाही तर हिशेब बसत नाही, असं मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वाईच्या एका ताईंच्या बाबतीत ते फार स्पष्ट झालं. त्यांच्या परवानगीनं इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

ताई गोधड्या शिवतात. आत जुनी सुती लुगडी, वर ठिगळं आणि सगळीकडून हाताचा धावदोरा. शेजारच्या दोघी मजुरीवर त्यांच्याबरोबर बसतात, घरकाम उरकून दुपारचे दोन-तीन तास. तोवरची विक्री ओळखीतली होती. कुणाच्या लेकीचं बाळंतपण, कुणाचा मुलगा होस्टेलला निघालेला. पुण्यात एका मंगल कार्यालयात डिसेंबरमध्ये शुक्रवार ते रविवार प्रदर्शन होतं. सहा फुटी एक टेबल, तीन दिवसांचं भाडं ६,००० रुपये. ते भरून ताई माझ्याकडे आल्या तेव्हा हातात पाच आठवडे होते आणि डोक्यात ४० मोठ्या गोधड्या. त्यासाठी बचत गटातून ५०,००० रुपये उचलायचे, महिना दीड टक्का व्याजानं, असं जवळजवळ ठरलं होतं.

"चाळीसच का?" मी विचारलं.

"एवढं लांब जायचं, भाडं भरायचं, आणि माल कमी पडला तर?"

"आणि उरला तर?"

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सासूबाई आत्ताच म्हणतायत, नेशील तेवढं परत आणशील. स्टँडवर उतरून गाठोडी घेऊन आळीतनं यायचं म्हणजे सगळ्यांना दिसणार."

"मग कमी का नाही नेत?"

"चार गोधड्या घेऊन निघाले तर म्हणतील, एवढ्यासाठी पुण्याला चाललीस? हे काय काम आहे का?"

चाळीसचा आकडा कुठून आला ते इथे कळलं. घरच्यांना आपलं काम मोठं दिसावं म्हणून तो ठरला होता. पुण्यात टेबलासमोर कोण उभं राहील, त्याच्या खिशातून किती निघतील, याचा त्यात विचारच झाला नव्हता. तिघींना मिळून एक मोठी गोधडी पुरी करायला आठवडा लागतो, म्हणजे पाच आठवड्यांत हातानं चाळीस होणारच नव्हत्या. बाकीच्या बाहेरून मशीनवर मारून घ्यायच्या, असा बेत होता. ज्या हाताच्या टाक्यासाठी गिऱ्हाईक थांबतं, तोच आकड्यापायी जाणार होता. मला हे सगळ्यात जास्त खटकलं आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं.

कर्जाचं बोलणं मी थोडं बाजूला ठेवलं आणि उरलेल्या मालाबद्दलच बोलू लागले. ताईंना विचारलं, "हळदीकुंकवाला पन्नास बायकांचा अंदाज असेल तर तुम्ही उसळ किती करता?" त्या लगेच म्हणाल्या, "साठ जणींची." "उरली तर?" "उरतेच थोडी. कमी पडून कसं चालेल?" उसळ उद्या आंबेल तरी ती जास्तीची करताना त्यांना लाज वाटत नव्हती. गोधडी तर आंबतही नाही. कोरडी ठेवली, कडुनिंबाचा पाला घातला, की पुढच्या थंडीपर्यंत जशीच्या तशी राहते. मग परत आलेली गोधडी हा आपल्यावरचा शेरा कसा काय होतो?

हे त्यांना पटलं, पण नुसतं पटून आळीतून चालत येता येत नाही. म्हणून एक काम दिलं. निघण्याआधी घरात सांगायचं, "मी जेवढं नेतेय त्यातलं अर्धं परत आणणार आहे, तसं ठरवूनच चाललेय." ऐकायला सोपं वाटतं. ताईंना ते वाक्य माझ्यासमोर म्हणतानाही जड गेलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "थोडंफार उरेल बहुतेक." मी म्हटलं, बहुतेक नको, अर्धं म्हणा. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवरा इतकंच म्हणाला होता, "मग आणायला स्टँडवर येऊ का?" सासूबाईंना सांगायला आणखी आठवडा लागला. जी गोष्ट घडण्याची भीती वाटते ती आधीच बेताचा भाग म्हणून सांगून टाकली, की तिच्यावरून टोमणा मारायला फारसं काही उरत नाही. भरल्या टेबलासाठी जास्तीचा माल लागतोच, तेव्हा हे काही खोटं बोलणंही नव्हतं.

यानंतर हिशेबाला बसलो, तर तासाभरात झाला.

सुरुवात खर्चापासून केली. भाडं ६,०००. वाई ते स्वारगेट एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे तो खर्च हलका, पण सामानाचे पैसे आणि पुढे रिक्षा होतीच. टेबलावर घालायचं कापड, जादा दिवा, ताई आणि सोबतीची एक अशा दोघींचं तीन दिवसांचं खाणं. मुक्काम बहिणीकडे. असे २,५०० धरले, एकूण ८,५००. कापड, दोरा आणि शेजारच्या दोघींची मजुरी वजा जाता ताईंच्या हातात विक्रीच्या साधारण निम्मे राहतात. म्हणजे खर्च निघायला १७,००० रुपयांची विक्री हवी. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी ४०० धरलं तर ४३ बिलं. रोज दहा तास धरले तर तीन दिवसांत तासाला दीड बिलसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, "एवढं तर होईल." हे वाक्य मी ऐकायला उत्सुक होते, कारण तोवर विक्री म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असंच त्यांच्या मनात होतं.

मग माल किती? मी पहिल्या स्टॉलला लागणाऱ्या विक्रीच्या दुप्पट ते अडीच पट किमतीचा माल सुचवते. त्याहून कमी नेला तर दुसऱ्या दिवशी टेबल ओकंबोकं दिसतं आणि ओक्या टेबलाकडे कुणी वळत नाही. त्याहून जास्त नेला तर तो टेबलाखाली पडून राहतो आणि पैसे अडकतात. अडीच पट म्हणजे ४२,५०० च्या आसपास.

त्यात मोठ्या गोधड्या पाचच घ्यायच्या ठरल्या. त्या तयारच होत्या, किंमत ४,००० रुपये. एक मागच्या भिंतीवर लावायची, लांबून दिसली पाहिजे. चार हजारांची वस्तू माणूस पहिल्या भेटीत क्वचित घेतो. हात फिरवतो, घरी फोन करतो, फोटो पाठवतो. म्हणून मोठ्या गोधडीसाठी ऑर्डरची वही ठेवायची आणि पाटीवर लिहायचं: तुमच्या आईच्या, आजीच्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल. पाच आठवडे मग छोट्या कामाला मिळाले. बाळाच्या गोधड्या १२, प्रत्येकी ८५०. खांद्याच्या पिशव्या १५, प्रत्येकी ४५०. बटवे ३०, प्रत्येकी १५०. कपाखाली ठेवायच्या चौकोनांचे संच १५, प्रत्येकी २००. बेरीज ४४,४५०. नवं कापड आणि मजुरी घरातल्या पैशांत भागली, कर्ज लागलं नाही. आणि हे सगळं दोघींना एसटीत चढवता येईल एवढंच होतं. ही शेवटची अट हसण्यावारी नेऊ नका. जे आपण स्वतः उचलू शकत नाही ते पहिल्या वेळी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक मालाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. कुर्ते किंवा चपला विकणारीला साइझ आडव्या येतात. एका डिझाइनचे पाच साइझ म्हणजे पाच नग झाले, गिऱ्हाइकाला मात्र डिझाइन एकच दिसतं. तिनं डिझाइन कमी ठेवावीत आणि साइझ पूर्ण. लाडू, चटण्या, ताजा मसाला असेल तर उरलेला माल खरोखरच नुकसान असतो. तिथे दीड पट पुरे, आणि जमलं तर रोज ताजा माल मागवावा. उलट्या टोकाचंही उदाहरण माझ्याकडे आहे. मातीचे दागिने करणारी ठाण्याची एक मुलगी उरण्याच्या धास्तीनं मोजके वीस सेट घेऊन गेली. पहिल्या संध्याकाळीच ते संपले आणि पुढचे दोन दिवस ती रिकाम्या टेबलामागे बसून होती. दोन दिवसांचं भाडं तर गेलंच, पण आपल्याला काय काय विकता आलं असतं या विचारानं तिला जास्त त्रास झाला. दागिने छोटे, हलके, टिकाऊ. तिथे तिप्पट नेले असते तरी काही बिघडलं नसतं.

पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा नऊ दिवस चालणारा काळा घोडा महोत्सव, अशा मोठ्या ठिकाणी गर्दीचं गणित वेगळं असतं. दिवस जास्त असतील तर सगळा माल एकदम न्यायचा नसतो. मधेच दुसरा हप्ता पाठवणारं घरी कुणीतरी तयार ठेवायचं. पहिलाच स्टॉल असेल तर मला दोन-तीन दिवसांचं छोटं प्रदर्शन बरं वाटतं. आपली कुठली वस्तू माणसं उचलून बघतात एवढं जरी तिथे कळलं तरी पुढच्या वर्षीचा निम्मा प्रश्न सुटतो.

निघताना ताईंना तीन गोष्टी सांगितल्या. मालाचे तीन भाग करा आणि रविवारचा भाग शनिवारी रात्रीपर्यंत उघडू नका, कारण रविवारी संध्याकाळी घरची घरं येतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर ठेवा. क्यूआर कोड असला तरी हॉलमध्ये नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. आणि विकलं काय यापेक्षा विचारलं काय ते लिहा. तिसरी गोष्ट त्यांनी इतकी मनापासून केली की वही बघून मला फार आनंद झाला. "मोरपंखी रंगात आहे का", "पिशवीला चेन नाही का", "पट्टा आखूड आहे", "मशीनमध्ये धुतली तर चालेल का", असं सगळं पानभर लिहिलेलं होतं. स्टॉलवर रिकाम्या वेळात त्या बटव्याला टाके घालत बसत होत्या, आणि ते बघायलाही माणसं थांबत होती.

तीन दिवसांत मोठ्या गोधड्या २ गेल्या, बाळाच्या ९, पिशव्या ६, चौकोनांचे संच ५. बटवे रविवारी दुपारीच संपले. विक्री २३,८५० रुपयांची झाली. खर्च जाऊन हातात साडेतीन हजारांच्या आत-बाहेर राहिले. तीन गिऱ्हाइकांनी स्वतःची लुगडी, साड्या देऊन गोधड्या शिवायला सांगितल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. जवळजवळ २०,००० रुपयांचा माल परत आला. नवरा स्टँडवर आला होता. सासूबाईंनी गाठोडी बघून विचारलं, "ठरवलं होतंस तेवढंच आणलंस का?" ताई मला म्हणाल्या, "हो म्हटलं मी. खरंच तेवढंच होतं ना."

आता फेब्रुवारीतल्या प्रदर्शनाचा अर्ज भरायचा आहे. या वेळी यादी त्यांनीच करून आणली: मोठ्या गोधड्या ३, बाळाच्या २०, बटवे ६०, चौकोनांचे संच उरलेलेच. थंडी ओसरलेली असेल म्हणून मोठ्या कमी केल्या, हेही त्यांनीच सुचवलं. पिशव्यांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आहे. उरलेल्या नऊ पिशव्यांचे पट्टे लांब करून बघायचे आणि मग नव्या शिवायच्या की नाही ते ठरवायचं, असं आमचं बोलणं झालं आहे.