मुंबई-पुणे सायकलने जाताना एक रात्र माथेरानला काढली तर जमेल का?

तुम्हाला मुंबईहून पुण्याला दोन दिवसांत सायकलने जायचंय आणि मधला मुक्काम लोणावळ्याऐवजी माथेरानला करावा का, असं विचारलंय. मी 2024च्या जानेवारीत एकट्याने तेच केलं. जमतं, आणि मी तर म्हणेन कराच.

ठाणे, बदलापूर, वांगणी करत नेरळपर्यंत काही अडत नाही. खरा घाम पुढे. नेरळपासून माथेरानच्या वेशीवरचा दस्तुरी नाका जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण तेवढ्यातच सातशे मीटरच्या आसपास चढायचं. जुम्मापट्टीच्या पुढची काही वळणं मी उतरून, सायकल ढकलत चढलो. ओम्नी टॅक्सीवाले चढावर वेग मोडू देत नाहीत, त्यामुळे हॉर्न ऐकू आला की कडेला व्हा.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे त्या दस्तुरीलाच थांबतात. मीही सायकल तिथे साखळीने बांधली, दिवे नि पंप काढून पाठपिशवीत टाकले, प्रवासी कर भरला आणि रुळांच्या कडेने बाजारापर्यंत अडीचेक किलोमीटर चालत गेलो. पॅडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घालून हे चालणं नको, साध्या चपला जवळ ठेवा. पाय बोलायला लागले असतील तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल मिळते. मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

दुपारी दोनच्या आत पोचलात तर लुईझा पॉइंटला जाऊन या, समोर प्रबळगड उभा असतो. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती रात्र. दिवसभर ट्रकचे आवाज डोक्यात भरलेले. जेवून खोलीकडे निघालो, तर वाटेवर घोड्याच्या टापा आणि झाडांतला वारा, बाकी काही नाही. अख्ख्या गावात एक इंजिन चालू नव्हतं. तुम्ही खाल्लेली भाजी, स्वयंपाकाचा सिलिंडर, बहुतेक सगळं घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावरून आलेलं असतं.

हातरिक्षा पाहून मात्र मी गप्प झालो. स्वतःची चौदा किलोची सायकल ढकलून माझा जीव अर्धा झाला होता, आणि इथे तिघं जण मिळून लाल मातीच्या चढावर एका माणसाला नेत होते. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्यांच्या जागी येणाऱ्या ई-रिक्षा त्याच ओढणाऱ्यांच्या हाती पडाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी सहाला खोली सोडा. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय सुंदर असतो म्हणतात, पण तो बाजारापासून बराच लांब आहे आणि पुढे तुम्हाला पुणे गाठायचंय. मी तो मोह टाळला. उतरण्याआधी ब्रेक नीट तपासा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यालाच दाबणारे, असतील तर घाटात दोन-तीनदा थांबून रिम गार होऊ द्या. मग कर्जत, खोपोली, बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळावरून लोणावळा आणि पुढे जुन्या हायवेने पुणे. शंभराच्या वर किलोमीटर होतात, त्यात दुसरा घाट. एवढं एका दिवसात झेपणार नसेल तर लोणावळ्याला आणखी एक रात्र धरा.

पावसाळ्यात आणि शनिवारी हा बेत करू नका. पावसात घाटाची उतरण धोक्याची, आणि शनिवारी एकट्या माणसाला खोली मिळणं कठीण.