"जंगल चालू आहे का?" एवढंच विचारू नका
प्राणी-पक्षी बघायला लाकूडतोडीच्या जंगलात दोन दिवस फिरलात आणि करवतीचा आवाज नि ट्रकची धूळ यापलीकडे काही पदरात पडलं नाही, हे तुमचं वाचलं आणि माझी पहिली खेप आठवली. दुर्बीण, मळकट कपडे, पहाटे पोहोचणं हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

माझा घोळ फोनवरच झाला. जंगल सांभाळणाऱ्या कार्यालयाला विचारलं, "जंगल चालू आहे का?" "चालू आहे, या." गेले, तर मी ठरवलेल्या वाटेवरच तोड चाललेली, फाटकाला साखळी. पुन्हा फोन केला तर म्हणे, "तोडीचं तुम्ही विचारलंच नव्हतं." तीन दिवसांची रजा वाया गेली. अजून राग येतो. कुठल्या पट्ट्यात काम आहे हे त्यांना ठाऊक असतं, मग आपणहून सांगायला काय जातं?

तेव्हा नेमकं विचारा: सध्या तोड कुठे आहे, ट्रक कुठल्या रस्त्याने जातात, आणि गेल्या तीन-चार वर्षांत कुठला पट्टा तोडून झाला?

माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तोडलेला पट्टा उजाड दिसतो म्हणून लोक पुढे निघून जातात. पण वरची सावली गेली की ऊन जमिनीला लागतं, गवत माजतं, खुंटांना कोवळे धुमारे फुटतात. हरणं तिथे चरतात आणि लपायला शेजारच्या दाट झाडीत शिरतात. त्या दोन्हींच्या कडेला, वारा तोंडावर येईल असं बसा. इंग्लंडमधलं थेटफर्डचं जंगल १९१९ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट्री कमिशनने, म्हणजे तिथल्या सरकारी वनखात्याने, लाकडासाठीच लावलेलं; तिथे रातवे (रात्री फिरणारे पक्षी) राहतात ते अशा मोकळ्या तोडीत आणि कोवळ्या लागवडीत.

रातव्यावरून एक कळकळीची विनंती. अशाच एका पट्ट्यात मी खुंटांमधून सरळ चालत गेले. दोन पावलांवर पडलेला सालीचा तुकडा अचानक उडाला. तो रातवा होता. खाली भुश्यावर दोन अंडी, घरटं नाहीच. क्षणभर आधी मी तिथेच पाहत होते! विणीच्या दिवसांत रस्ता सोडू नका.

ओंडक्यांच्या थप्पीवर सरडे ऊन खात बसतात, ते लांबूनच बघा. वर चढू नका, ओंडका घरंगळतो. झाड पाडत असतील तर त्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त लांब राहा. नियम प्रत्येक जंगलात वेगळे असतात, त्यामुळे माझ्यापेक्षा तिथल्या फलकाचं ऐका. आणि काम थांबल्यावर मजुरांशी बोला. ताजे ठसे कुठे उमटलेत हे मला कार्यालयापेक्षा त्यांनीच जास्त वेळा सांगितलंय.

थांबायची परवानगी असेल तर सूर्य मावळल्यावर अर्धा तास तरी हलू नका. यंत्रं बंद झालेली असतात, आणि रातवा बोलायला लागतो तो तेव्हाच.