अळीवर केलेल्या प्रकल्पाला किंमत असते का?

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिवाणूंच्या रोगकारक जनुकांवर प्रकल्प करायचाय, पण कॉलेजात उंदीर ठेवायची सोय नाही. मॅडम मेणपतंगाच्या अळ्या वापरायला सांगतात. पीएचडीला हे काम चालेल का?

उत्तर : चालेल. मुलाखतीत 'उंदीर का नाही?' यापेक्षा 'अळी त्याच जनुकामुळे मेली कशावरून?' हा प्रश्न जास्त अडचणीचा ठरतो. तयारी त्याची कर.

जनुक काढलेला जिवाणू, म्हणजे म्युटंट, टोचला आणि अळ्या जगल्या, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. म्युटंट मुळातच सावकाश वाढत असेल तर? म्हणून आधी 37 अंशांना मूळ जिवाणू आणि म्युटंट अशा दोन्ही स्ट्रेनच्या (वाणांच्या) वाढीचे आलेख काढ. मग तेच जनुक प्लास्मिडवरून (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावरून) परत घालून मारकशक्ती परतते का बघ. जनुक रोगकारक आहे का हे ठरवायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅनली फॉल्को यांनी 1988 मध्ये मांडलेल्या कसोट्यांमधली ही कसोटी. विद्यार्थी वेळेअभावी नेमकी हीच गाळतात.

अळ्या एकाच बॅचच्या, साधारण 250 ते 350 मिलिग्रॅमच्या, काळे डाग नसलेल्या घे. जिवाणू पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुऊन घे, नाहीतर ते वाढवलेल्या माध्यमात साठलेली विषंच अळ्या मारतील. पोटाखालच्या शेवटच्या मांसल पायातून 10 मायक्रोलिटर टोच. गटात किमान 10 अळ्या, शिवाय नुसतं पीबीएस टोचलेला एक गट. त्यातल्या दोन मेल्या तर टोचण्यातच गडबड आहे. तो प्रयोग बाद.

सगळ्यात घोळ डोसचा. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या जहाल स्ट्रेनचे दहाहून कमी जिवाणूही अळीला पुरतात, ई. कोलायचे लाखांत लागू शकतात. डोस जास्त झाला की दोन्ही स्ट्रेन 24 तासांत सगळा गट संपवतात आणि फरक दिसतच नाही. दहा-दहापट विरल करत आधी डोस ठरव. टोचलेलं द्रावण त्याच दिवशी प्लेटवर पसरून खरी संख्या मोज. आणि काळी पडलेली अळी मेलेलीच असते असं नाही, स्पर्शाला हलली नाही तरच मृत धर.

शेकडो म्युटंट चाळायचे असतील तर सी. एलेगन्स हा सूत्रकृमी सोयीचा. पण तो साधारण 25 अंशांपर्यंतच ठेवतात, त्यामुळे 37 अंशांना चालू होणारी जनुकं तिथे गप्प राहू शकतात. अळीत अँटिबॉडी नसतात, तेव्हा लशीचे प्रश्न तिला विचारू नकोस.

किती अळ्या कधीपर्यंत जगल्या ते दाखवणारा कापलान-मायर आलेख आणि गटांतला फरक तपासणारी लॉग-रँक चाचणी, दोन्ही आर या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत स्वतः करायला शीक. नवी प्रतिजैविकं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही ते लागतं. मॅडमना आजच विचार, म्युटंट आणि प्लास्मिड तयार आहेत का? नसतील तर क्लोनिंगमध्येच (जनुक प्लास्मिडमध्ये बसवण्यातच) काही महिने जातील, अळ्यांचं काम त्यामानाने आठवड्यांचं.