‘सदोष मनुष्यवध’ यातला दोष कोणाचा?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: शेजाऱ्यांच्या भांडणात एकाचा जीव गेला, खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली, अपिलात ती कमी झाली. बातमीत छापले होते, ‘खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध’. सदोष म्हणजे चुकून झालेला का? आणि तसे असेल, तर निर्दोष मनुष्यवधही असतो का?

चुकून झालेला, हा अर्थ नाही. पण तो का सुचतो ते कळते. रोजच्या बोलण्यात ‘सदोष’ हे विशेषण आपण वस्तूला लावतो: सदोष यंत्र, सदोष वीजमीटर, सदोष मतदारयादी. त्यामुळे सदोष वध म्हणजे काहीतरी बिघडून झालेला, हेतू नसताना घडलेला वध, असे मन आपोआप धरून चालते. कोर्टातला ‘दोष’ मात्र वेगळ्या घरातला आहे. दोषी, दोषारोप, दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता ही त्याची भावंडे. तिथे दोष म्हणजे उणीव नव्हे, अपराधाचा भार. सदोष मनुष्यवध म्हणजे माणूस मारण्याची अशी कृती, जिचा अपराध करणाऱ्याच्या माथी येतो. कारण मारण्याचा हेतू तरी होता, किंवा या माराने माणूस मरू शकतो याची जाणीव तरी होती. हिंदीत यालाच ‘आपराधिक मानव वध’ म्हणतात. तिथे असा घोटाळा होत नाही.

दुसरा घोटाळा छपाईतला आहे आणि मला तो जास्त खटकतो. पुष्कळ ठिकाणी ‘सदोष मनुष्य वध’ असे तीन शब्द सुटे छापतात. मग ‘सदोष मनुष्याचा वध’ असेही वाचता येते, म्हणजे मेलेल्या माणसातच काही दोष होता! ज्या घरातला माणूस गेला, त्या घरच्यांनी ही ओळ कशी वाचायची? मनुष्यवध हा षष्ठी तत्पुरुष, मनुष्याचा वध. तो जोडूनच लिहायला हवा. सदोष हे विशेषण त्या अख्ख्या समासाचे आहे.

‘वध’ या शब्दाबद्दलही थोडे. आपल्या कानाला वध म्हटले की कंसवध, रावणवध, अफझलखानाचा वध आठवतो. म्हणजे मारणाऱ्याची बाजू न्याय्य आहे, असा सूर त्यात मुरलेला आहे. कायद्याच्या मराठीने तो सूर काढून टाकला आणि वधाला नुसते ‘मारणे’ एवढ्यावर आणले. म्हणूनच त्याला ‘सदोष’ची जोड लागते. निर्दोष मनुष्यवध अशी संज्ञा मराठीत रुळलेली नाही, पण ती गोष्ट कायद्यात आहे: स्वतःच्या बचावाचा हक्क मर्यादेत राहून वापरताना हल्लेखोर मेला, तर तो गुन्हा होत नाही. आणि खरोखर हयगयीने, निष्काळजीपणाने कोणी मेले, तर त्याला वेगळे कलम आहे. ते जुन्या भारतीय दंड संहितेत 304-अ होते, भारतीय न्याय संहितेत 106 आहे.

आता खून. फारसीत खून म्हणजे रक्त. मराठीने रक्तासाठी रक्त हाच शब्द ठेवला आणि खून फक्त जीव घेण्यासाठी घेतला. कायद्यातली रचना अशी की सदोष मनुष्यवध हे मोठे वर्तुळ आणि खून त्याच्या आतले. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, उलट मात्र नाही. त्यामुळे ‘खुनाऐवजी सदोष मनुष्यवध’ ही बातमीतली भाषा काटेकोर पाहिली तर अपुरी आहे. म्हणायचे असते ते ‘खून न ठरणारा सदोष मनुष्यवध’.

शेजाऱ्यांच्या भांडणात हा फरक वारंवार का निघतो, तर जुन्या दंड संहितेत खून म्हणजे काय ते सांगणाऱ्या कलम 300 च्या चौथ्या अपवादामुळे. आधी ठरवलेले नाही, अचानक भांडण जुंपले, रागाच्या भरात मारामारी झाली, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो खून ठरत नाही. कुरापत आधी कोणी काढली, हे इथे पाहिले जात नाही. 2003 साली मध्य प्रदेशातले असे एक अपील सर्वोच्च न्यायालयात आले होते. जमिनीच्या मोजणीवरून वाद, बोलाचाली, मग मारहाण, त्यात एक जण गेला. न्यायालयाने खुनाची दोषसिद्धी बदलून ती कलम 304, म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचे कलम, त्याच्या पहिल्या भागाखाली आणली आणि शिक्षा 10 वर्षांची ठेवली. रागाच्या भरात म्हणजे राग निवायला वेळच मिळालेला नसणे, असा अर्थ त्या निकालात लावला आहे. घरी जाऊन कोयता घेऊन तासाभराने परतलेल्या माणसाला हा अपवाद मिळणे म्हणूनच अवघड.

कोर्टाच्या आवारात लोक हे आकड्यांतच बोलतात: ‘तीनशे दोनचं तीनशे चार झालं.’ 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना न्याय संहितेतली 103 (खून) आणि 105 (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) ही कलमे लागतात, पण त्याआधीच्या घटनांची अपिले जुन्याच आकड्यांनी चालू आहेत.

वाचकाने पाठवलेल्या बातमीचा मथळा ‘शेजाऱ्याच्या खुनातून सुटका’ असा आहे. तो चूक आहे. सुटका म्हटले की निर्दोष मुक्तता असेच कोणीही समजेल. इथे आरोपी दोषीच राहिला; बदलले ते कलम आणि कमी झाली ती शिक्षा. मी मथळा असा दिला असता: ‘शेजाऱ्याचा मृत्यू: आरोपी दोषीच, मात्र गुन्हा खुनाचा नाही’. त्याच बातमीत एके ठिकाणी ‘खूणाचा गुन्हा’ छापले आहे. खूण म्हणजे चिन्ह, ती स्त्रीलिंगी, तिचे ‘खुणेचा’ होते. जीव घेतो तो खून, न नळाचा, आणि सामान्यरूपात त्याचा उकार ऱ्हस्व होतो: खुनाचा.