वर्दीवरून परतल्यावर

‘झोप लागत नाही असे सांगितले, तर मला बंबावरून काढून टेबलावर बसवतील का?’ समुपदेशक म्हणून अग्निशमन दलातील जवानांकडून ही भीती मी वारंवार ऐकते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते.

मध्य मुंबईतील एका केंद्रावरचे अधिकारी माझ्याकडे आले, ते स्वतःसाठी नव्हे. चाळीतल्या आगीतून त्यांच्या एका तरुण जवानाने लहान मुलाला बाहेर काढले होते, पण ते मूल वाचले नाही. ‘मॅडम, तेव्हापासून पोरगा गप्प आहे, त्याला बोलतं करा,’ एवढीच त्यांची विनंती होती. मी त्यांच्याच घरची विचारपूस केली, तेव्हा कळले की ते रोज रात्री उठून गॅसचा रेग्युलेटर पुन्हा पुन्हा तपासतात आणि फोडणी जरा करपली, तरी भरल्या ताटावरून उठतात.

कोणाला बळेच बोलते करू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून प्रसंग पुन्हा वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. आधी विश्रांती, सोबत आणि ऐकून घेण्याची तयारी हवी. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात कामी आलेल्या ६६ जवानांना आपण दरवर्षी मानवंदना देतो आणि ती द्यायलाच हवी. पण वर्दीवरून, म्हणजे आगीची खबर येताच गेलेल्या कामगिरीवरून, जिवंत परतलेल्याच्या मनाची चौकशी कोणी करायची, तर ती त्याच्या अधिकाऱ्यानेच, असे माझे ठाम मत आहे.

पुढे एकदा केंद्रावर चहा घेताना त्या अधिकाऱ्यांनी सहज सांगून टाकले, ‘मलाही झोप नाही, मी समुपदेशन घेतोय.’ काही आठवड्यांनी तो जवान आपणहून आला. दोघेही आज बंबावरच काम करतात.

मूळ शंकेविषयी सांगायचे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. उपचारांच्या काळात क्वचित काही दिवस हलके काम घ्यावे लागते, पण त्याने नोकरी संपत नाही. त्रास महिनाभरानंतरही टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावे. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. ‘टेलीमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.